बसलेल्यांची पेटी

त्या मुखपृष्ठातून आपल्याला काय काय मिळणार, हे रणधीर इंगवले खताच्या पोत्यावर बसून मला बोटांवर मोजून दाखवत होता.

"पहिलं म्हणजे मुंबईचा तो कॅसेट कंपनीवाला. तो म्हणालाय, गाणी मागनं ऐकतो, आधी वरचं चित्र बघून दुकानात माणूस थांबला पाहिजे. दुसरं, आमचं म्हातारं. दिवाळीपर्यंत तीनशे कॅसेटी खपल्या न्हाईत तर गिटार माळ्यावर आणि मी वडगावच्या पंपावर. आयुष्यभर डिझेल."

"आणि तिसरं?"

"तिसरं म्हणजे लोकांनी शिव्या घातल्या पाहिजेत. शिव्या पडल्याशिवाय नाव होत न्हाई, नेम्या."

हे त्र्याण्णव सालचं कोल्हापूर. रणधीरच्या बँडचं नाव होतं 'बारावं'. मार्केट यार्डातल्या त्याच्या वडिलांच्या गोदामात, युरियाच्या वासात, चार पोरं इलेक्ट्रिक गिटारवर मराठी गाणी ओरडत असत आणि शेजारचे गूळवाले अडते अधूनमधून येऊन कुणाला काय झालंय का, अशी चौकशी करून जात. मी काहीच वाजवत नव्हतो. हॉल ठरवणं, स्पीकर परत करणं, रुसलेल्या ड्रमरची समजूत घालून त्याला घरून आणणं, ही माझी वाद्यं. कॅसेटीच्या आतल्या कागदावर चौघांची नावं छापायची ठरली होती. पाचवं नाव कुणाला आठवलं नव्हतं आणि मीही आठवण करून दिली नव्हती. कोण किती दिवसांनी आठवण काढतो हे बघायची मला खोड आहे.

"चित्र कशाचं पण?" मी विचारलं.

"आमच्या गावाकडच्या वाड्यात आजोबांचा फोटो हाय. तू बघितलास?"

"नाही."

"बघितला नसशीलच. ट्रंकेत असतोय." रणधीर पुढं सरकला. "म्हातारा गेला तवा काढलेला. जिवंतपणी कधी फोटो काढला नव्हता, म्हणून मेल्यावर आंघोळ घालून, फेटा बांधून खुर्चीत बसवला, पडू नये म्हणून मागनं धोतरानं बांधला, आणि भोवती सगळं खानदान उभं. आमच्या हिकडं प्रत्येक घरात असला एक तरी फोटो असतोय आणि प्रत्येक घर तो पाहुण्यांपासनं लपवतंय. तेच काढून कॅसेटीवर छापायचं. नाव, 'बसलेली माणसं'."

कल्पना चांगली होती. ती चांगली होती हे मी आजही नाकारत नाही.

"मग आजोबांचाच लाव की."

"आजोबांचा लावला तर म्हातारं मलाच त्या खुर्चीत बसवंल," रणधीर म्हणाला आणि हसला. "दुसऱ्या कुणाचा तरी बघ. तुझी ती उषा स्टुडिओवाली हाय की."

ती माझी नव्हती. पण ती माझी आहे असं रणधीरला वाटतंय, एवढ्या भांडवलावर मी दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून निघालो.

उषा फोटो स्टुडिओ महाद्वार रोडजवळच्या एका बोळात, सात पायऱ्या चढून होता. मालक आबा मेस्त्री. एके काळी शहरातली निम्मी लग्नं आणि निम्मी मरणं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलेली. आता त्यांची मुलगी शैला पासपोर्टचे फोटो काढून दुकान चालवत होती. वय चोवीस, आवाज शांत, आणि गिऱ्हाइकाची कॉलर सरळ करताना बोट कातडीला लागू न देण्याची सवय. मी महिन्यात तीनदा पासपोर्ट फोटो काढून घेत असे. माझ्याकडं पासपोर्ट नव्हता.

"उपाध्ये, परदेशात चाललाय तरी कुठं तुम्ही?" ती म्हणाली.

"आज फोटो नको," मी म्हटलं आणि कारण सांगितलं. दुसरी कुणी असती तर पायऱ्या दाखवल्या असत्या. तिनं फक्त टेबलाखाली नजर टाकली.

"आबांना विचारायला हवं. पण डोळ्याचं ऑपरेशन झालंय, वर झोपलेत. आठ दिवस त्यांच्याशी बोलायचं म्हणजे नुसता वैताग ऐकायचा." तिनं टेबलाखालून एक सागवानी पेटी ओढून काढली. "ही बसलेल्यांची पेटी. आबाच असं म्हणतात. सगळ्या जुन्या काचेच्या निगेटिव्ह आहेत. नावं कुणावरच नाहीत."

आम्ही दोघं खाली बसून एकेक काच खिडकीच्या उजेडाला धरत होतो. निगेटिव्हमध्ये माणूस ओळखू येत नाही. चेहरा काळा, केस पांढरे, कुंकवाच्या जागी पांढरा ठिपका. सगळे एकाच घरातले वाटतात. माझं लक्ष काचेपेक्षा काच धरणाऱ्या हाताकडं होतं हेही सांगून टाकतो, कारण पुढच्या चुकीत त्याचा वाटा आहे.

"मेलेल्या माणसांची भीती नाही वाटत तुम्हाला?" मी विचारलं.

"यांची काय भीती. बिचारी शेवटची आंघोळ करून बसलीत." मग तिनं भिंतीकडं हनुवटी केली. "मी आईच्या नजरेखाली वाढले. मला कसली भीती?"

भिंतीवर एका तरुण बाईचं मोठं छायाचित्र होतं, हातानं रंगवलेलं. मी आजवर ते बघितलं होतं म्हणजे त्याच्यासमोर उभा राहिलो होतो, एवढंच.

"मी वर्षाची असताना काढलाय. त्यानंतर महिन्यातच काविळीनं गेली," शैला म्हणाली. "आबा सांगतात, मी त्यांच्या कडेवर होते, कॅमेऱ्यामागं. रडायला लागले म्हणून तिनं माझ्याकडं बघितलं आणि तेवढ्यात यांनी बटण दाबलं. म्हणून ती समोर बघत नाही, जराशी खाली बघते. माझ्याकडं." ती हे इतकं सहज बोलली की तिनं ते स्वतःला हजारदा सांगितलेलं असणार. "शाळेतनं आले की आधी तिच्यासमोर उभी राहायची. अजूनही काही झालं की राहते. हसू नका."

मी हसलो नव्हतो.

एक काच तिनं वेगळी काढली. खुर्चीत एकटीच बाई. भोवती खानदान नाही, हार नाही. "ही घ्या. एकटी आहे. बाकीच्यांची नातवंडं कुठंतरी असतील, त्यांना वाईट वाटेल. हिचं कोणी नसणार." तिनं ती काच स्वतःच्या हातानं वर्तमानपत्रात गुंडाळली. "कुणाचं मन नाही ना दुखणार उपाध्ये?"

"छे," मी म्हणालो.

शाहूपुरीतल्या ऑफसेट प्रेसच्या डार्करूममध्ये तिची प्रिंट निघाली तेव्हा आम्ही सगळे तिच्यावर वाकलो. खुर्चीत बसलेली कोवळी बाई. केस चापून विंचरलेले, नऊवारीचा काठ ठळक, हात मांडीवर कुणीतरी ठेवलेले, डोळे मिटलेले, नाकपुड्यांत कापूस. आणि ओठांच्या कडेला काहीतरी होतं, ज्याला हसू म्हणता आलं नसतं आणि दुसरंही काही म्हणता आलं नसतं.

"आई गं," रणधीर पुटपुटला. मग म्हणाला, "झालं काम."

दुसऱ्या दिवशी काच परत करायला गेलो. आबा खाली आले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, अंगावर घोंगडी. शैला आत कुणाचा तरी फोटो काढत होती. मी पुडी त्यांच्यासमोर ठेवली, कशाला नेली होती ते सांगितलं. त्यांनी ती सोडून काच खिडकीला धरली. आम्हाला त्या काचेत काळा चेहरा दिसत होता. पन्नास वर्षं निगेटिव्हच बघितलेल्या माणसाला तसं दिसत नाही.

"शैला," त्यांनी आत हाक मारली. "माझे थेंब संपलेत. औषधाच्या दुकानात जाऊन ये."

"आत्ता?"

"आत्ता."

ती पायऱ्या उतरून गेल्यावर आबांनी मला भिंतीवरच्या फोटोसमोर उभं केलं. "काठ बघ," म्हणाले. "हात बघ. खुर्चीचा दांडा बघ."

मी बघितलं. काठ तोच. हात तसेच मांडीवर ठेवलेले. ओठांच्या कडेलाही तेच. फक्त भिंतीवरच्या बाईचे डोळे उघडे होते आणि ती जराशी खाली बघत होती.

"गावात अशा फोटोंना मागणी असायची," आबा सांगत होते, दाराकडं एक डोळा ठेवून. "मेलेल्याचा फोटो काढायचा, मोठी प्रिंट करायची, मिटल्या पापण्यांवर ब्रशनं डोळे काढायचे, कापूस रंगानं झाकायचा आणि पुन्हा फोटो घ्यायचा. घरच्यांना जिवंत माणूस परत मिळायचा. तीनशेक माणसांचे डोळे उघडलेत मी. हिचा जिवंतपणी एक फोटो काढला न्हाई. फोटोग्राफरची बायको, कवा पण काढता येईल म्हटलं. पोरगी विचारायला लागली, आई कशी होती. मग सांगितलं काहीतरी."

"कडेवर होती, ते?"

"ते."

मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी माझा हात धरला. "प्रिंट आण. मी डोळे काढून देतो. बाई तुमची असू दे, कॅसेट असू दे, माझं काय म्हणणं न्हाई. फक्त उघड्या डोळ्यांची छापा. शैलानं बघितलं तरी म्हणेल, आबांनी आईचा फोटो दिला. रागवंल, पण..."

दोन दुपारी ते एका डोळ्यानं माझ्या प्रिंटवर काम करत राहिले. शैलाला देवळाच्या नाही तर बँकेच्या कामाला पिटाळून. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रिंट दिली. डोळे उघडले होते, पण हात आता पूर्वीचा नव्हता. डावं बुबुळ किंचित वर गेलं होतं. बाई जिवंत झाली होती आणि थोडी दचकलीही होती.

गोदामात रणधीरनं दोन्ही प्रिंटा शेजारी शेजारी ठेवल्या.

"हे काय? साबणाची जाहिरात?"

मी सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त हवं ते फार हवं असायचं.

"वाईट वाटतंय भावा," तो म्हणाला. "खरंच. पण मला सांग, पाचशे कॅसेटी. रॉक. शैला काय ऐकते?"

"रेडिओवरची भावगीतं."

"कॅसेटीच्या दुकानात जाते?"

"नाही."

"मग? तिला कळायचं कसं? आणि उद्या हे तिरळं चित्र छापलं तर लोक थांबणार न्हाईत, हसणार. मुंबईवाला हसंल. त्यापेक्षा पंप बरा." त्यानं दोन्ही प्रिंटा उचलून माझ्या मांडीवर ठेवल्या. "मी जबरदस्ती करत न्हाई. प्रेसमध्ये तूच जाणारायस. तुला बरोबर वाटंल ती दे. आणि एक राहिलंच होतं, आतल्या कागदावर तुझं नाव घालायचं. 'मुखपृष्ठ: नेमिनाथ उपाध्ये.' शोध तूच लावलास ना."

तोवर माझं नाव फक्त रेशनकार्डावर आणि नापासांच्या यादीत छापून आलं होतं.

गोदामापासून प्रेसपर्यंत सायकलनं बारा मिनिटं लागतात. तेवढ्यात मी सगळा अंदाज बांधला. पाचशे कॅसेटी, त्यातल्या निम्म्या पुण्या-मुंबईला, उरलेल्या होस्टेलच्या पोरांत. शैलाच्या हाती एखादी पडण्याची शक्यता जवळजवळ शून्य. शिवाय आबांचे डोळे खरंच नीट आले नव्हते, म्हणजे ही कलेचीही बाब होती. प्रेसवाल्यानं "कुठली लावू?" असं विचारलं तेव्हा मी मिटल्या डोळ्यांची पुढं केली. आबांना सांगितलं, तुमची दिली. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

महिनाभर माझा अंदाज बरोबर ठरला. चाळीसेक कॅसेटी दोस्तांनी नेल्या, पैसे मागनं देतो म्हणून. दुकानातला माणूस काही थांबत नव्हता. रणधीरचा चेहरा डिझेलसारखा होत चालला होता.

मग कुणा निवृत्त मुख्याध्यापकांच्या नातवाच्या दप्तरात ती कॅसेट सापडली. त्यांनी अभिरुची रक्षण समिती काढली. समितीची बैठक झाली, ठराव झाला: मृत स्त्रीची अशी विटंबना हे शहर खपवून घेणार नाही. ठराव घेऊन ते एका सांजदैनिकाकडं गेले. संपादकही सात्त्विक संतापले आणि वाचकांना विटंबना नेमकी किती आहे हे कळावं म्हणून त्यांनी मुखपृष्ठ पहिल्या पानावर, चार कॉलमांत छापलं. वर मथळा: 'ही कसली अभिरुची?' खाली, नेमकेपणाच्या आवडीपायी, माझं नावसुद्धा. आम्हाला पाचशे घरांत जे पोहोचवता आलं नव्हतं ते सभ्य लोकांनी एका संध्याकाळी वीस हजार घरांत नेऊन दिलं.

रणधीरनं मला चौकात मिठी मारली. मी त्याला ढकलून सायकल काढली.

सात पायऱ्या चढलो तेव्हा अंक काउंटरवर होता. शेजारी भिंतीवरचा फोटो, उतरवून आडवा ठेवलेला. आबा स्टुलावर बसले होते. पट्टी निघाली होती आणि दोन्ही डोळे खाली होते.

"या उपाध्ये," शैला म्हणाली. "मुखपृष्ठ तुमचं आहे म्हणे. नाव वाचलं."

"हो."

"छपाई चांगली आहे. काठसुद्धा स्पष्ट आलाय. काठावरनंच ओळखलं मी."

"शैला, मी..."

"तुम्हाला मीच दिली काढून. हिचं कोणी नसणार, मीच म्हणाले होते." तिनं आबांकडं बघितलं. आबा माझ्याकडं बघत होते. मी त्यांना काय सांगितलं होतं आणि काय केलं होतं, हे आता त्यांच्यासमोर चार कॉलमांत पडलं होतं.

"आबा," ती म्हणाली, "ती माझ्याकडं बघत नव्हती."

"न्हाई."

"मी होते कुठं?"

"शेजारच्या काकूकडं. लहान पोराला मड्याजवळ आणत न्हाईत."

"बरं." तिनं बोटाच्या टोकानं फोटोच्या काचेवरची धूळ पुसली. "पण डोळे तिचेच ना? ते तर आठवून काढले असतील. तिचे असेच होते ना?"

खालच्या बोळातून कुणाची तरी स्कूटर गेली. आबा खिडकीकडं वळले.

"काढायला बसलो तर आठवंनात," ते म्हणाले. "पाच वर्षं एका घरात राहिलो. भाकरी वाढताना, दिवा लावताना ती दिसायची, डोळे आठवंनात. गावाच्या डोळ्यांत बघत बसलो होतो. दोन दिवस ब्रश हातात धरून बसलो. तू समोर रांगत होतीस." त्यांनी तिच्याकडं बोट केलं. "तुझेच घेतले."

शैलानं फोटो उचलून थोडा जवळ धरला आणि त्यातल्या डोळ्यांकडं बघितलं, एखाद्या ओळखीच्या पण नाव विसरलेल्या माणसाकडं बघावं तसं. मग तो पालथा ठेवला.

"म्हणजे तेवीस वर्षं मी..." ती म्हणाली.

पायऱ्यांवर पावलं वाजली. शाळेच्या दाखल्यासाठी फोटो काढायला एक बाप मुलीला घेऊन आला होता. शैला त्यांना घेऊन आत गेली. पडद्याआडून तिचा नेहमीचा शांत आवाज आला, "हनुवटी जरा वर. हं. माझ्याकडं बघ."

मी पायऱ्या उतरलो. तिनं मला पुन्हा येऊ नका असं कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर जाऊन माफी मागता आली असती.

यातून कुणाला काय मिळालं, हे इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. मुख्याध्यापकांना समितीचं अध्यक्षपद मिळालं, ते त्यांनी मरेपर्यंत सांभाळलं. सांजदैनिकाला त्या आठवड्यात जास्तीच्या प्रती काढाव्या लागल्या. रणधीरच्या वडिलांनी बदनामीच्या भीतीपोटी दुकानादुकानांतून शिल्लक कॅसेटी निम्म्या भावात उचलल्या आणि गोदामामागं जाळल्या; पण तोवर मुंबईवाल्यानं फोन केला होता. त्यानं गाणी घेतली आणि वर समुद्राचं चित्र लावलं. रणधीर आता जाहिरातींना चाली लावतो, बंगला आहे, मुलीच्या लग्नाला मला आग्रहानं बोलावलं होतं. आबांनी त्यानंतर ब्रश हातात धरला नाही. दुसऱ्या वर्षी ते गेले. माझं नाव एकदा छापून आलं.

कॅसेटींचा हिशेब मिटवायला मी भवानी मंडपाजवळच्या दुकानात गेलो होतो. दुकानदारानं वही उघडली. त्याच्याकडच्या सगळ्या रणधीरच्या वडिलांनी नेल्या होत्या, फक्त एक कमी होती.

"ती विकली गेली," तो म्हणाला. "पेपरात आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मी काउंटरखाली ठेवली होती, लफडं नको म्हणून. एक बाई आली, म्हणाली, असेल तर द्या. पस्तीस रुपये म्हटलं. कमी करा म्हणाली नाही. डबी उघडून आतला कागद काढून घेतला, पर्समध्ये नीट सपाट ठेवला आणि कॅसेट इथंच काउंटरवर ठेवून निघाली. मी म्हटलं, ताई, गाणी राहिली. म्हणाली, असू देत."

मी वही माझ्याकडं फिरवून बघितली. माझ्या हिशेबात पाचशेपैकी बाकीच्या वाटलेल्या, उधारीत गेलेल्या, परत आलेल्या किंवा जाळलेल्या. पुरी किंमत रोख देऊन घेतलेली ती एकच.